पुढचा पावसाळा

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या लहानशा गावात उंदीर मरून पडू लागले. पिसवांनी माणसं हैराण झाली. महिना संपता संपता काही जणांना सणकून ताप भरला आणि जांघेत, काखेत गाठी आल्या. प्लेग. भारतात १९६६ नंतर ज्याचा रुग्ण नोंदला गेला नव्हता, तो रोग मराठवाड्यातल्या एका खेड्यात पुन्हा दिसला होता.

किल्लारीचा भूकंप होऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

या दोन घटनांचा संबंध असावा असं तेव्हाही तज्ज्ञांनी मांडलं आणि आजही मांडलं जातं. भूकंपानंतर धास्तीनं लोक घरं सोडून बाहेर झोपड्यांत, पत्र्याच्या आडोशाला राहायला गेले. सुगीचं धान्य मात्र रिकाम्या घरांतच राहिलं. माणूस नाही, मांजर नाही, दिवा नाही आणि कणगीत ज्वारी. उंदरांना आणखी काय हवं? रानातल्या उंदरांत कुठेतरी टिकून राहिलेला जंतू घरच्या उंदरांत आला, तिथून पिसवांत, पिसवांतून माणसांत. या साखळीची प्रत्येक कडी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्यामुळे ती शक्यता म्हणूनच सांगायला हवी. पण साथरोगांच्या आकड्यांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला या शक्यतेनं कधीच स्वस्थ बसू दिलेलं नाही. कारण अकरा महिन्यांनी किल्लारीकडे कोण बघत होतं? आणि किल्लारीकडे बघणारे असले तरी बीड जिल्ह्यातल्या, न पडलेल्या घरांच्या गावाकडे कोण बघत होतं?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातल्या माझ्या पिढीला वेगळी सांगावी लागत नाही. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. औसा तालुक्यातलं किल्लारी, तळणी. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर, पेठ सांगवी. अशी गावंच्या गावं काही सेकंदांत बसली. सव्वासहाच्या आसपासची तीव्रता जगाच्या हिशेबात फार मोठी नाही. पण दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर थरावर थर चढवलेली माती. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं झोपेतल्या माणसांवर आली. बरेच जण तर मातीनं गुदमरूनच गेले. मृतांचा आकडा वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळा दिसतो, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. पुढे बावन्न गावं मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली.

पहिल्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच धास्ती होती, आता साथ येणार. प्रेतं कुजतील आणि रोगराई पसरेल. ही धास्ती दर भूकंपानंतर येते, भूजला आली, नेपाळला आली, आणि दर वेळी ती चुकीच्या जागी बोट ठेवते. भिंतीखाली सापडून गेलेल्या माणसाच्या अंगात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू कुठून येणार? जिवंतपणी नव्हता तो रोग मेल्यावर अंगात तयार होत नाही. पटकीनं गेलेल्याचं प्रेत असेल तर काळजी घ्यावी लागते, तशी आणखी काही रोगांची नावं आहेत. पण भूकंपात गेलेली माणसं त्यांतली नसतात. तरीही घाईघाईनं सामुदायिक दहनं होतात, ओळख पटवायला नातेवाइकांना सवड मिळत नाही. त्याचं दुःख मागं राहिलेल्यांना जन्मभर पुरतं. ब्लीचिंग पावडरची पोती ढिगाऱ्यांवर रिकामी होतात, आणि ती खरी लागणार असते पाण्यात.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाते. भूकंप आणि ज्वालामुखीसारख्या आपत्तींनंतर खरोखर किती साथी आल्या, हे संशोधकांनी तपासलं आहे. १९८५ नंतरच्या सहाशेहून अधिक अशा आपत्तींमध्ये त्यांना जेमतेम तीन साथी सापडल्या. त्यांतली एक कोस्टारिकात, १९९१ च्या भूकंपानंतर वाढलेला मलेरिया. लोक घराबाहेर झोपू लागले होते. दुसरी कॅलिफोर्नियात, १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर; डोंगर घसरले, धुळीचे लोट उठले, मातीतली बुरशी त्या धुळीबरोबर फुप्फुसांत गेली, आणि दोनशे तीन जणांना तिचा आजार झाला. सहाशेंत तीन. हा आकडा दाखवून मला वरिष्ठांनी विचारलेलं आहे, मग भूकंपानंतर रोगांवर नजर ठेवायचा एवढा खटाटोप कशासाठी?

मला त्याचं उत्तर त्यांतल्या या दोन साथींकडे आणि त्या तिनांत नसलेल्या मामल्याकडे बघूनच मिळतं. कोस्टारिकात डासांचा प्रश्न झाला तो लोक कुठे झोपले यावरून. कॅलिफोर्नियात धूळ. मामल्यात बहुधा धान्य. प्रत्येक ठिकाणी रोग आला तो भूकंपानं बदललेल्या एखाद्या साध्या गोष्टीच्या वाटेनं, आणि ती वाट आधी कुणी ओळखली नव्हती. वरच्या पातळीवर बसून ती ओळखता येतही नाही. इतक्या-इतक्या आपत्तींमागे एक साथ, अशी सरासरी काढता येते. पण औशाच्या एखाद्या शेडात आज सकाळी कुणाला उलट्या झाल्या, हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही. शिवाय साथ आली नाही हे म्हणायलासुद्धा कुणीतरी जाऊन बघितलेलं असावं लागतं.

रोगांना त्यांचं स्वतःचं वेळापत्रक असतं आणि मदतीला तिचं. दोन्ही जुळत नाहीत. जखमेतून शिरलेला धनुर्वात तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही उठतो, बहुधा आठ-दहा दिवसांनी. म्हणजे पहिली मोठी धावपळ ओसरू लागते तेव्हा. गोवर एका मुलातून दुसऱ्यात जायला दहा-बारा दिवस घेतो. दाटीवाटीच्या शेडात पहिलं मूल तापलं की दुसऱ्या पंधरवड्यात पाच-सात मुलं तापतात, आणि लसीकरणाच्या वह्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या असल्यानं कुणाला टोचलं आणि कुणाला नाही हे आयांच्या आठवणीवर ठरतं. दूषित पाण्यातून येणारी कावीळ तर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. आज प्यालेल्या पाण्यानं डोळे पिवळे होतात दिवाळी उलटल्यावर. क्षयाच्या रुग्णाची गोळ्यांची पिशवी गाडली गेली असेल तर त्याचा परिणाम कळायला आणखी महिने जातात.

आणि डॉक्टरांची शिबिरं? ती पहिल्या तीन-चार आठवड्यांत गर्दी करून येतात. मुंबई-पुण्याहून, सेवाभावी संस्थांकडून, वैद्यकीय महाविद्यालयांकडून. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण आकड्यांवर त्यांचा एक विचित्र परिणाम होतो, तो माझ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. शिबिरं आली की तपासणी वाढते, तपासणी वाढली की रुग्णसंख्या वाढते. कागदावर साथ आल्यासारखं वाटतं आणि वर्तमानपत्रांत मथळे येतात. मग शिबिरं उठतात. दुसऱ्याच आठवड्यात आलेखाची रेघ खाली येते, आणि आपण म्हणतो, परिस्थिती निवळली. जुलाब निवळलेले नसतात. मोजणारे गेलेले असतात. भूकंपानंतरच्या कुठल्याही आलेखाखाली त्या आठवड्यात किती ठिकाणांहून अहवाल आले हे लिहिलेलं नसेल, तर मी तो आलेख मानत नाही.

याच्याही मुळाशी एक प्रश्न असतो: किती जणांमागे? दहा रुग्ण दोनशेंत की दोन हजारांत? भूकंपग्रस्त वस्तीत ही लोकसंख्याच रोज बदलते. लेकी माहेरी येतात, मुलांना नातेवाईक घेऊन जातात, दोन घरांतली उरलेली माणसं एका शेडात येतात, शेतमजूर कामाच्या मागं सोलापूरला जातात. छेद हलता असेल तर अंश कितीही काळजीनं मोजा, दर निघत नाही.

उमरग्याकडे राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंनी हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नीट समजावलं. भूकंपाच्या वेळी त्या एका उपकेंद्रावर होत्या. उपकेंद्राची इमारत वापरण्याजोगी राहिली नव्हती. त्या टेबल-खुर्ची बाहेर काढून बसायच्या आणि उरलेला वेळ शेडांतून फिरायच्या. दोनशे पानी वहीत त्यांनी गाव नव्यानं मांडून घेतलं होतं. डावीकडच्या पानावर आधीची घरं, उजवीकडच्या पानावर आता कोण कुठल्या शेडात. गेलेल्यांच्या नावांवर काट नव्हती, फक्त पुढे तारीख. एकाच तारखेनं भरलेली पानं उलटताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या मात्र शांतपणे कामाचं बोलत राहिल्या.

"पहिला पंधरवडा कुनी बोलायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. "एक म्हातारी तर तोंडावर म्हनली, मानसं गेली आन् ही बाई जुलाबाचं इचारूलालीय. मग मी जुलाबाचं इचारायचं सोडलंच. पानी कुठून आनलं, तेवढं इचारायचं. पान्यावर समदी बोलतेत."

पाण्यावर बोलायला सुरुवात झाली की त्या शेडाच्या दारात टेकायच्या. घागरीवर झाकण आहे का, ओगराळं कुठे ठेवलंय, भर दुपारी एखादं लेकरू पांघरुणात का पडलंय, हे बोलता बोलता दिसायचं. पिशवीत काचेची लहान नळी आणि ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाची, बाटली असायची. घागरीतलं पाणी नळीत घेऊन दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, रंग आला नाही तर ते पाणी पिण्याच्या कामाचं नाही. बायकांना तो पिवळा रंग बघायला आवडू लागला, असं त्यांनी सांगितलं. पोरं नळी धरायला भांडायची. एकदा लागोपाठच्या तीन शेडांत पाणी पिवळं झालं नाही आणि तिन्हीकडे पाणी एकाच टँकरचं होतं. त्या टँकरपाशी जाऊन उभ्या राहिल्या, तर पाण्याचा पाइप काळ्या चिखलात लोळत होता आणि तसाच टाकीत जात होता. त्या दिवशी तिथं जुलाबाचे रुग्ण मोजकेच होते. पाइप धुवून अडकवायला आकडा बसवून घेतला, टँकरमध्ये पावडर स्वतःसमोर टाकायला लावली.

ही साथ कुठल्याही अहवालात नाही, कारण ती झालीच नाही. माझ्या मते भूकंपानंतरचं सर्वेक्षण म्हणजे हेच, आणि याचं श्रेय कुठल्याच रकान्यात मांडता येत नाही, म्हणून त्यावर पैसा खर्च करायला कुणी सहजी तयार होत नाही.

जिथं अशी कुणी फिरत नव्हती तिथं काय झालं, तेही नोंदलेलं आहे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीरच्या पलीकडच्या भागात भूकंप झाला. मुझफ्फराबादेत लोकांनी आपणहून उभारलेल्या, कुठलंही नियोजन नसलेल्या एका छावणीत अठराशे माणसं राहत होती. तिथं पाण्यासारख्या जुलाबांचे साडेसातशेहून अधिक रुग्ण झाले, आणि त्यांत बहुतेक मोठी माणसं. सुरक्षित पाणी आणि संडास पोचल्यावर साथ आटोक्यात आली. हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला आणि पटकी आली ऑक्टोबरमध्ये, नऊ महिन्यांनी. ती भूकंपानं आणली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं मैलापाणी नदीत गेलं आणि आर्तिबोनीत नदीच्या काठानं ती पसरली. मोडलेल्या देशात तिनं पुढच्या वर्षांत आठ लाखांहून अधिक लोकांना गाठलं, सुमारे दहा हजार जीव घेतले. मदतीला आलेल्यांबरोबरही रोग येऊ शकतो, म्हणून त्यांच्या तळावरही तितकंच लक्ष हवं, हे हैतीतल्या लोकांनी फार मोठी किंमत मोजून जगाला दाखवलं. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी त्याबद्दल माफी मागायला २०१६ चा डिसेंबर उजाडला.

आपल्याकडे मामल्यानंतर महिन्याभरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले, यंत्रमागांवरचे कामगारही होते. गाड्या भरभरून खानदेशाकडे आल्या. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या, परदेशांनी विमानं थांबवली, निर्यात अडली. दगावलेले लोक साठच्या आत होते. घबराटीचं नुकसान मोजण्यापलीकडचं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पुढे १९९७-९८ मध्ये साथरोगांच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मी ज्या टेबलावर बसते त्या टेबलाचा उगम त्या काळात आहे. मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या तापातून देशभराची व्यवस्था उभी राहिली, हे आमच्या जिल्ह्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे?

या व्यवस्थेत उपकेंद्रावरची आरोग्य सेविका दर आठवड्याला एस फॉर्म भरायची. त्यात रोगांची नावं नसत, लक्षणं असत: सात दिवसांच्या आतला ताप, अंगावर पुरळ असलेला ताप, पातळ जुलाब, कावीळ, मुलाचा अचानक लुळा पडलेला हातपाय. शेवटी एक जागा नेहमीपेक्षा वेगळ्या लक्षणांसाठी, ज्यांनी माणूस दवाखान्यात पडला किंवा दगावला. ज्यानं कुणी ती शेवटची ओळ घातली त्याला मी मनातून मानते. डॉक्टरांचा पी फॉर्म आणि प्रयोगशाळेचा एल फॉर्म निराळे. आता हे सगळं टॅबलेटवर, गाववार, त्याच दिवशी भरता येतं. पण एस फॉर्मवर काय आणि पडद्यावर काय, सर्वांत जास्त येणारा शब्द एकच, निरंक. बाई पंचवीस शेडांत जाऊन आली आणि कुणी आजारी नाही, तेही निरंक. बाईला तीन गावं दिली आहेत, बस बंद आहे, ती गेलीच नाही, तेही निरंक. वरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी निरंक आलेल्या गावांनाच आधी फोन करते. कुणाकडे गेला होतात, पाणी कुठलं होतं, एवढं विचारलं की उत्तरावरून कळतं.

टॅबलेटमुळे वेग वाढला, यात शंका नाही. अडचण आहे ती यादीची. गावाच्या यादीत गावठाण असतं. भूकंपानंतर रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानावर, शेतात उभी राहिलेली वस्ती तिच्यात आपोआप येत नाही. ती कुणीतरी त्याच आठवड्यात घालावी लागते. किल्लारीच्या नव्या गावठाणांतही हा प्रश्न आला असणार, कारण लोक एका जागी राहत आणि जुन्या जागेवरचं काहीबाही धरून असत. नवी घरं मिळाल्यावरही पुष्कळांचा सिमेंटच्या छतावर विश्वास बसला नव्हता. ते बाहेर पत्र्याखाली झोपायचे आणि धान्य आत ठेवायचे. हे ऐकलं की माझं लक्ष लगेच धान्याकडे जातं.

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली, नांदेड, परभणीकडे जमीन हलली, मग जुलैत पुन्हा. किल्लारीसारखं काही झालं नाही, पण मराठवाड्यात जमीन हलली की वयस्क माणसं घराबाहेर येतात आणि लवकर आत जात नाहीत. त्यानंतर माझ्या कामाच्या निमित्तानं आपत्तीनंतरच्या रोग सर्वेक्षणाचा एक आराखडा समोर आला. त्यात बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत. पहिले सहा आठवडे रोजचा अहवाल, पाण्याच्या प्रत्येक स्रोताची यादी, धनुर्वात आणि गोवराची लस, शीघ्र प्रतिसाद पथक. रोजच्या अहवालानंतर साप्ताहिक जादा देखरेख किती काळ, या रकान्यात लिहिलं होतं: तीन महिने.

मी तिथं खूण करून पुढचा पावसाळा संपेपर्यंत असं लिहिलं. मनुष्यबळ नाही, असं उत्तर आलं, आणि ते खोटंही नाही. कंत्राटी जागा, रिकाम्या जागा, एका सेविकेकडे दोन उपकेंद्रं हे मी रोज बघते. म्हणून सगळ्या गावांचं मागणं सोडून मी दुसरी नोट पाठवली आहे. ज्या गावांत लोक अजून घराबाहेर झोपतात, ज्या गावांत घर रिकामं आणि आत धान्य आहे, ज्या गावांचा टँकर बंद होऊन जुनी विहीर पुन्हा सुरू झाली आहे, तेवढ्यांचीच यादी करा, पडझड झालेली असोत वा नसोत. त्या यादीतल्या प्रत्येक गावाला आठवड्यातून एकदा जाणारं माणूस द्या, त्याच्या गाडीभाड्याची तरतूद करा, आणि ते माणूस मध्येच बदलू नका. नोटेला अजून उत्तर नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ती घालून घेतली आहे आणि त्या नर्सबाईंना बरोबर येण्याची विनंती केली आहे. त्यांनी होकार दिला, वही घेऊन येते म्हणाल्या.